वाळवंटी कासवाचं बीळ कसं बघायचं आणि आत काय चाललंय ते कसं ओळखायचं

वाळवंटी कासव बघायला निघालात तर कासव दिसणार नाही असं धरूनच चला. कारण साधं आहे, हे कासव आयुष्यातला जवळजवळ ९५ टक्के वेळ जमिनीखाली काढतं, आणि ते बाहेर येतं तेव्हा आपण नेमके तिथेच उभे असू हे जरा कठीणच. बीळ मात्र दिसतं. आणि बीळ नीट बघता आलं ना, तर कासव न दिसताही बरंच काही कळतं, ते साधारण केवढं आहे, इथे नुकतंच येऊन गेलंय की कधीचंच सोडून गेलंय, बिळात अजून कोण कोण राहतंय, सगळं. म्हणून आपण बिळापासूनच सुरू करू.

आधी हे कासव कुठलं ते. अमेरिकेच्या नैऋत्य भागातली वाळवंटं, म्हणजे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना, आणि त्याखाली मेक्सिकोतलं सोनोरा राज्य. बरीच वर्षं सगळ्यांना एकच जात धरायचे, मग २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी दोन वेगळ्या जाती केल्या, कोलोरॅडो नदीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला राहतं ते मोहावी वाळवंटी कासव आणि पूर्वेला, दक्षिणेला राहतं ते सोनोरन वाळवंटी कासव. (२०१६ मध्ये मेक्सिकोतल्या काही कासवांची तिसरी जात पण वेगळी काढली, पण तिला आत्ता सोडून देऊ, नाहीतर गोंधळ होईल.) हे सांगायचं कारण म्हणजे दोघांची राहायची पद्धत वेगळी आहे. मोहावीवालं दरीतल्या सपाट किंवा हलक्या उताराच्या मातीत बीळ खणतं. सोनोरनवालं जास्त करून खडकाळ डोंगरउतारावर राहतं आणि मोठमोठ्या दगडांच्या खालच्या फटी वापरतं, गरज पडली तर तीच थोडी खणून मोठी करतं. त्यामुळे ॲरिझोनाच्या सग्वारो नॅशनल पार्कमध्ये सपाटीवर गोल गोल फिरत बसलात तर फार काही हाती लागणार नाही, तिकडे दगडांच्या बुडाशी बघायचं.

बीळ शोधायचं कुठे

मोहावी भागात असाल तर क्रिओसोट नावाची झुडपं सगळीकडे दिसतील, मध्यम उंचीची, बारीक चकचकीत पानांची. त्यांच्या बुडाशी बघत चला. झुडपाची मुळं माती धरून ठेवतात म्हणून छप्पर कोसळत नाही आणि वर थोडी सावलीही मिळते, कासवाला एकदम सोयीचं. दुसरी जागा म्हणजे कोरड्या ओढ्यांचे काठ. तिथे मातीत चुन्याचा एक कडक थर तयार झालेला असतो, त्याला कॅलिची म्हणतात, आणि त्या थराखालची मऊ माती पाण्याने वाहून गेली की वर आपोआप छप्पर उरतं. कासवं अशा जागा सोडत नाहीत.

माती कशी आहे ते पण बघा. नुसती भुसभुशीत वाळू असेल तर बीळ लगेच ढासळतं, आणि पूर्ण खडक असेल तर नखं कितीही मजबूत असली तरी खणता येत नाही. मधली माती हवी, खणता येईल इतकी मऊ आणि उभी राहील इतकी घट्ट.

तोंडाचा आकार बघा, ही सगळ्यात मोठी खूण

वाळवंटात बिळं खूप असतात, उंदरांची, खारींची, कोल्ह्यांची. कासवाचं बीळ ओळखायचं ते तोंडावरून, खाली सपाट आणि वर घुमट, म्हणजे जमिनीवर ठेवलेला अर्धचंद्र. कासवाचं पोट सपाट आणि पाठ गोल, मग ते सारखं आतबाहेर करत राहिलं की भोकही त्याच्याच अंगाच्या मापाचं होणार ना! उंदीर-खारीचं भोक लहान आणि गोल असतं. तिथल्या छोट्या कोल्ह्याच्या, म्हणजे किट फॉक्सच्या बिळाचं तोंड उभट असतं, रुंदीपेक्षा उंची जास्त. ही एक गोष्ट डोळ्यात बसली की मग लांबूनही ओळखता येतं.

तोंडाच्या रुंदीवरून आतल्या कासवाचा अंदाजही येतो. मोठ्या कासवाची पाठ साधारण २० ते ३६ सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे तोंड चांगलं रुंद असेल तर ते मोठ्याचंच. नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम ५ सेंटीमीटरचं असतं, ते कधी स्वतःचं छोटंसं भोक करतं नाहीतर उंदीर-खारीचं आयतं बीळ वापरतं, म्हणून पिल्लांची बिळं ओळखणं मोठ्या माणसांनाही जड जातं. ते जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

कोणी राहतंय का?

इथे घाई करायची नाही. तोंडापासून थोडं लांब, एका बाजूला उभं राहून बघा. बिळाच्या वर कधीच उभं राहू नका, खाली पोकळी असते आणि तुमच्या वजनाने छप्पर खचू शकतं, आणि आत कासव असेल तर ते गाडलं जाईल.

तोंडासमोर मोकळ्या मातीचा ढीग पसरलेला आहे का, ती माती ताजी, भुसभुशीत दिसते का, की तिच्यावर कडक पापडी आलीय? जमिनीवर दोन समांतर ओळीत गोलसर ठसे आहेत का? कासवाचे पाय रुंद अंतरावर असतात म्हणून मधे मोकळी पट्टी राहते. विष्ठा पण बघा, हो, शी म्हणू नका, अभ्यास करणारे पण हेच बघतात, ती तपकिरी असते आणि तिच्यात गवताचे धागे अगदी स्पष्ट दिसतात. तोंडात काटक्या आणि पालापाचोळा साचलेला असेल तर बहुतेक बरेच दिवस कोणी आलं नाहीये.

कोळ्याच्या जाळ्याबद्दल मात्र जरा सांभाळून. जाळं दिसलं म्हणजे बीळ रिकामं असं बरेच जण ठरवून टाकतात आणि ते चुकीचं आहे, कारण जाळं आडवं आलंय याचा अर्थ एवढाच की जाळं विणल्यापासून त्या दारातून कोणी गेलेलं नाही. हिवाळ्यात कासव आत महिनोनमहिने पडून असतं आणि बाहेर मस्त जाळं लागलेलं असतं. म्हणून उन्हाळ्याच्या आधी, कासवं फिरायच्या दिवसांत जाळं दिसलं तर त्याला थोडा अर्थ आहे, डिसेंबरात दिसलं तर काहीच नाही.

आत डोकावायचं असेल तर अभ्यासकांची एक युक्ती आहे, छोटा आरसा. बाहेर उभं राहून आरशाने ऊन बिळात पाडायचं, आत लांबवर उजेड जातो आणि पाठीचा घुमट असेल तर दिसतो. मोठं माणूस सोबत असेल तरच करा आणि क्षणभरच करा. काठी घालायची नाही आणि हात तर अजिबात नाही. एक म्हणजे आत रॅटलस्नेक नावाचा विषारी साप असू शकतो, आणि दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे, ते पाण्याशी जोडलेलं आहे, त्यावर पुढे येतोच.

एक कासव, खूप बिळं

आपल्याला वाटतं एक कासव एक बीळ. तसं नसतं. एकेक कासव आपल्या भागात कितीतरी बिळं वापरतं, वर्षभरात दहा-बारा असू शकतात, काही स्वतः खणलेली, काही दुसऱ्याने सोडलेली, आणि एकाने वापरलेलं बीळ नंतर दुसरं वापरतं हेही चालतं. म्हणून रिकामं दिसलेलं बीळ मोडायचं नाही, ते कोणाचं तरी पुढच्या महिन्याचं घर असू शकतं.

सगळी बिळं सारखीही नसतात. काही तर बीळ म्हणण्याच्या लायकीचीच नसतात, झुडपाखाली उथळ खळगा, त्यात कासव जेमतेम झाकलं जातं, मागची बाजू बाहेरच. दुपारी लांब आलो, ऊन वाढलं, परत जायला वेळ नाही, अशा वेळी हे चालून जातं. मग नेहमीची बिळं, एखाद-दोन मीटरची, उतरतं तिरकं भुयार. आणि मग हिवाळ्याची, ती सगळ्यात लांब, युटाच्या बाजूला, जिथे थंडी जास्त, तिथे ती १० मीटरपर्यंतही जातात आणि एकाच बिळात बरीच कासवं एकत्र हिवाळा काढतात.

खणायचं काम पुढच्या पायांचं. ते चपटे, रुंद, जाड खवल्यांचे आणि लांब नखांचे असतात, मागचे पाय मात्र खांबासारखे. एकदा हा पाय, एकदा तो पाय असं करत माती मोकळी करायची, मागे लोटायची, आणि भोक खोल झालं की वळून तीच माती खांद्याने बाहेर ढकलायची. ताशी अर्धा किलोमीटरही न चालणारा प्राणी हा, त्याच्याकडून घाईची अपेक्षा ठेवू नका.

बीळ एवढं कामाचं का, स्वतःच करून बघा

हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून एक प्रयोग. मोकळ्या जागेत, जिथे दिवसभर ऊन येतं आणि खणायला परवानगी आहे, तिथे मोठ्यांच्या मदतीने ३० सेंटीमीटर खोल एक अरुंद खड्डा करा. लांब वायर असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याचं टोक तळाला ठेवा आणि खड्डा परत मातीने बुजवा. दुसऱ्या थर्मामीटरचं टोक जमिनीवर, मातीला चिकटून. ताप बघायचा थर्मामीटर नको, तो यासाठी नाहीच. कुंडीतही करू नका, कुंडीला बाजूने ऊन लागतं आणि सगळा हिशोब बिघडतो.

आता सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री झोपताना आणि परत सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. दोन-तीन कोरडे दिवस केलंत तरी पुरे. वरचा आकडा दिवसभर उड्या मारेल आणि खालचा जवळजवळ जागचा हलणार नाही, आणि थोडाफार वाढलाच तर दुपारी नाही, रात्री उशिरा वाढेल, कारण वरची उष्णता मातीतून खाली झिरपायला तेवढे तास लागतात. म्हणजे वर दुपार असते तेव्हा खाली दुपार पोचलेलीच नसते!

आता हेच मोहावीत नेऊन बघा. तिथे उन्हाळ्यात जमिनीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो. एवढ्या तापलेल्या जमिनीवर कासव पडून राहिलं तर मरेल, पाठीच्या कवचाचा तिथे काही उपयोग नाही, ते दातांपासून वाचवतं, उन्हापासून नाही. बिळात मात्र वरच्या भट्टीचा पत्ताही नसतो. आणि हिवाळ्याची बिळं लांब का हेही यातच आलं, एका दिवसाचं ऊन अडवायला थोडी माती पुरते, पण थंडी महिनोनमहिने टिकते, ती हळूहळू खोल उतरत जाते, मग तिच्यापासून लांब राहायचं तर आणखी आत जायला हवं. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा दमटही असते, म्हणजे श्वासातून अंगातलं पाणी कमी उडतं. माझ्या मते हा फायदा गारव्याएवढाच मोठा आहे, फक्त त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

पाण्याची गोष्ट

वाळवंटी कासव पाणी न पिता वर्षभरसुद्धा काढू शकतं. कसं? वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, हिवाळ्याचा पाऊस बरा झाला असेल तर वाळवंटात रानफुलं आणि हिरवं गवत येतं, ते खाऊन त्यातलं पाणी घ्यायचं. आणि पाऊस पडला की प्यायचं, पोट तट्ट होईपर्यंत. हे पाणी ते मूत्राशयात साठवतं, पाणी आणि त्यात विरघळलेला टाकाऊ माल मिळून हा साठा शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि कोरड्या दिवसांत त्यातलंच पाणी परत अंगात ओढून घेतं. आपल्याला हे घाण वाटेल पण वाळवंटात हीच टाकी.

आता ते मघाचं महत्त्वाचं कारण. कासवाला कोणी उचललं, घाबरवलं, की ते ही टाकी रिकामी करतं. झालं, पुढच्या पावसापर्यंतचं पाणी गेलं, आणि तो पाऊस यायला कितीतरी महिने असू शकतात. आपण दोन मिनिटं फोटोसाठी उचललं, प्रेमानेच उचललं, तरी त्याच्यासाठी ते जिवावर बेतू शकतं. म्हणून बघायचं ते लांबूनच.

पावसाचं अजून एक बघण्यासारखं आहे. कासवं मोकळ्या जागी उथळ खळगे खणून ठेवतात, पाऊस आला की त्यात पाणी साचतं. हे खळगे कुठे आहेत ते त्यांच्या लक्षात राहतं आणि पावसाची चिन्हं दिसली की ती खळग्यापाशी येऊन बसलेली आढळतात. पाणी मिळालं की आधी मूत्राशयातला जुना पांढरा, पेस्टसारखा माल बाहेर टाकतात आणि मग टाकी ताज्या पाण्याने भरतात. बिळाच्या आसपास असा बशीसारखा खळगा दिसला तर त्यात पाय देऊ नका.

कधी गेलं तर काय दिसेल

मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यात चांगलं, कासवं खायला बाहेर असतात, सकाळी बघा, आणि ऊन वाढत गेलं तशी पहाटे बघा. भर उन्हाळ्यात जवळजवळ सगळी आत. ऑगस्ट-सप्टेंबरात जिथे पावसाच्या सरी येतात तिथे परत हालचाल, सोनोरन कासवं तर याच दिवसांत जास्त दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळी झोप, पण ही अगदी गाढ वगैरे नाही, मधेच उबदार दिवस आला किंवा पाऊस झाला तर एखादं बाहेर येऊन पाणी पिऊन परत आत जातं.

दारातच घरटं

मे ते जुलैमध्ये मादी अंडी घालते, साधारण ४ ते ८, आणि बऱ्याचदा बिळाच्या तोंडाशीच, मातीत पुरून. बिळासमोरची माती तुडवू नका म्हणतात ते त्यासाठीही. ९० ते १२० दिवसांनी पिल्लं येतात. आणि गंमत अशी की पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या तापमानावर ठरतं, साधारण ३१-३२ अंशांच्या खाली असेल तर नर जास्त, वर असेल तर माद्या जास्त. म्हणजे मादीने घरटं सावलीत केलं की उघड्यावर, थोडं खोल केलं की वर, यावरून पुढचं गणित बदलतं.

अंडी खायला हीला मॉन्स्टर नावाची जाडजूड विषारी पाल येते, आणि काही माद्या तिच्या आडव्या उभ्या राहून घरटं राखताना अभ्यासकांना दिसल्या आहेत. पण पिल्लं बाहेर आली की त्यांचं त्यांनी बघायचं. साधारण पहिली पाच वर्षं त्यांचं कवच मऊच असतं, तोवर डोमकावळे, कायोटी (लांडग्यासारखा तिथला एक जंगली प्राणी), कोल्हे कोणीही उचलू शकतं, म्हणून मोठी होणारी पिल्लं फार कमी. जी वाचतात ती ५० ते ८० वर्षं जगतात. अंडी घालण्याइतकं व्हायलाच १२ ते २० वर्षं लागतात, म्हणूनच एक मोठी मादी गाडीखाली गेली तर तिची जागा भरायला फार काळ जातो.

भाडं न देणारे भाडेकरू

कासवाचं बीळ फक्त कासवाचं नसतं. बिळात राहणारी छोटी घुबडं, पॅकरॅट नावाचे उंदीर, खारी, ससे, सरडे, साप, टॅरँटुला नावाचे मोठे केसाळ कोळी, विंचू, ज्याला जसं जमेल तसं सगळे येतात, कारण उन्हाचा त्रास सगळ्यांनाच आहे आणि एवढं मोठं भुयार खणायची ताकद थोड्यांकडेच. पॅकरॅट तर बिळाच्या तोंडात काटक्या आणि निवडुंगाचे काटेरी तुकडे गोळा करून ठेवतो, त्यामुळे कचरा दिसला म्हणजे बीळ ओसाडच, असंही म्हणता येत नाही. सांगितलं ना, घाई करायची नाही.

तिथे गेल्यावर पाळायच्या गोष्टी

१९९० पासून मोहावी कासवाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने धोक्यातली प्रजाती म्हणून संरक्षण आहे, त्यामुळे त्याला त्रास देणं, पकडणं, घरी नेणं हा गुन्हा आहे. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन्ही राज्यांचा हा राज्य सरपटणारा प्राणी आहे, तरी दोन्हीकडे संख्या घटलीय, रस्ते, बांधकाम, बिळांवरून जाणाऱ्या गाड्या, आजार, कारणं बरीच.

खाल्लेल्याचा कचरा अजिबात टाकू नका, अगदी फळाची सालही नाही. कचऱ्यामुळे डोमकावळे वाढतात आणि तेच डोमकावळे पिल्लं टिपतात, हे सरळ जोडलेलं आहे. पाळलेलं कासव कोणी वाळवंटात नेऊन सोडायचं म्हणत असेल तर मोठ्यांना सांगून थांबवा, पाळलेल्या कासवांमधून श्वसनाचा आजार जंगली कासवांना लागतो. कुत्रा सोबत असेल तर पट्टा सोडायचा नाही, कुत्री कासवांना चावतात आणि बिळंही उकरतात.

आणि जोशुआ ट्रीसारख्या नॅशनल पार्कमध्ये गाडी लावली असेल तर निघण्याआधी वाकून चाकांखाली बघाच, कासवं गाडीच्या सावलीत येऊन बसतात. सगळ्यांनी आत बसायच्या आधी बघा, एकदा गाडी सुरू झाली की खाली कोण आहे ते कळत नाही. खाली कासव असलं तर गाडी हलवायची नाही, त्याला ढकलायचं पण नाही, ते आपण होऊन निघायची वाट बघायची, आणि फारच वेळ लागला तर पार्कच्या ऑफिसात फोन करून रेंजरला बोलवायचं.